पाळी आणि झोपेची तक्रार: तीन पी-व्हॅल्यू, त्यातली खरी कोणती?

तुम्ही विचारलंय की पाळीचा आणि झोपेच्या तक्रारीचा संबंध आहे का, आणि काय-स्क्वेअर चाचणीच्या तीन पी-व्हॅल्यूंपैकी (संबंध नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) कोणती धरायची. तुमच्याकडे २०० कामगार आहेत. रात्रपाळीच्या ८० पैकी ४४ जणांना झोपेची तक्रार, दिवसपाळीच्या १२० पैकी ४६ जणांना. टक्केवारीच्या तक्त्यावर पी ०.१० आली, हाताने ०.०२ आणि सॉफ्टवेअरने ०.०३.

आधी ०.१० फेकून द्या. काय-स्क्वेअर प्रत्यक्ष मोजणी अपेक्षित मोजणीपासून किती दूर आहे ते मोजतो, म्हणून त्याला माणसांची मोजणी लागते, टक्के चालत नाहीत. ४४, ३६, ४६, ७४ (दोन्ही पाळ्यांतले तक्रार असलेले आणि नसलेले) ऐवजी तुम्ही २२, १८, २३, ३७ भरलेत, म्हणजे चाचणीला २०० ऐवजी १०० माणसं दाखवलीत. प्रमाण तेच राहिलं, पण काय-स्क्वेअर नेमका निम्मा झाला: ५.३९ चा २.६९.

हाताचं गणित बरोबर आहे. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसता तर रात्रपाळीत तक्रारदार किती असते? ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण: ८० × ९० ÷ २०० = ३६. तसेच बाकीचे ४४, ५४, ६६. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक चारही घरांत ८ येतो. दोन बाय दोनच्या तक्त्यात तो सारखा यायलाच हवा, नाही आला तर बेरीज तपासा. फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित, चारही घरांची बेरीज ५.३९. डिग्री ऑफ फ्रीडम (बेरजा ठरल्यावर मोकळी उरणारी घरं) १, आणि ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४; ५.३९ तिच्या वर आहे, म्हणून पी ०.०५ च्या खाली, ०.०२.

सॉफ्टवेअरचा ०.०३ हाही चुकीचा नाही. आर (R) आणि सायपाय (SciPy) ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर्स दोन बाय दोनच्या तक्त्याला न विचारता येट्स दुरुस्ती, म्हणजे फरक थोडा कमी धरणारी दुरुस्ती, लावतात: ८ मधून अर्धा वजा होऊन ७.५ उरतो आणि काय-स्क्वेअर ४.७४ होतो. ही दुरुस्ती फार सावध आहे, म्हणजे पी गरजेपेक्षा मोठी दाखवते. तुमची सगळ्यांत लहान अपेक्षित संख्या ३६ असताना तिची गरज नाही, मी ती बंद करून ०.०२ दिली असती. मात्र हे आकडा बघण्याआधी ठरवायचं असतं. अपेक्षित संख्या (प्रत्यक्ष नव्हे, इथे फार जण घसरतात) ५ च्या खाली गेली तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट (लहान संख्यांसाठी पी थेट मोजणारी चाचणी) वापरा.

यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. एकच कामगार दोन्ही पाळ्यांत मोजला गेलाय का? तसं असेल तर नोंदी स्वतंत्र नाहीत आणि वरचं सगळं गणित बाद. प्रत्येकाची दोन्ही पाळ्यांतली उत्तरं जोडीने मांडून मॅकनेमार टेस्ट (अशा जोडीच्या उत्तरांसाठीची चाचणी) करा.

आणि अहवालात नुसती पी लिहू नका. ५५ टक्के विरुद्ध ३८.३ टक्के, म्हणजे फरक १६.७ अंकांचा, आणि त्याचं ९५ टक्के विश्वासांतर (खरा फरक ज्या टप्प्यात असावा असा अंदाज) साधारण २.७ ते ३०.६. अंतर एवढं रुंद आहे हे वाचणाऱ्याला दिसलंच पाहिजे. पी-व्हॅल्यूत ते दिसत नाही.