टपालपेटीवरचं नाव

परदेशी निघालेल्यांकडून, त्यातही नवऱ्याच्या नोकरीमागे जाणाऱ्या बायकांकडून, समुपदेशक म्हणून मला एक प्रश्न हमखास येतो: "सगळी तयारी झालीय मॅडम, पण मी तिथे रुळेन ना?" आणि जाऊन पाच-सहा महिने झाले की दुसरा: "सगळं चांगलं असूनही रडू येतं. माझंच काही चुकतंय का?" दोन्ही वेळा मला वृषाली आठवते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, तिला विचारूनच लिहितेय.)

वृषाली दंतवैद्य. साताऱ्यात दोन खुर्च्यांचा स्वतःचा दवाखाना, नऊ वर्षं चालवलेला. नवऱ्याला जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी लागली आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन तिघं ऑगस्टमध्ये गेले. जानेवारीत तिचं माझ्याशी पहिलं बोलणं झालं. आपल्याकडे दुपारचे तीन, तिच्याकडे सकाळचे साडेदहा. स्वेटरवरून शाल घेऊन बसली होती. पहिलंच वाक्य: "मॅडम, मी तक्रार करत नाहीये हं."

सासूबाई फोनवर म्हणायच्या, "तुझी काय बाई, मजाच आहे." नवरा म्हणायचा, "इथे काय कमी आहे तुला?" घर उबदार, लेक खूश, पगार चांगला. रडायला हक्काचं कारणच नव्हतं, म्हणून ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची.

झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार हे मी सगळ्यात आधी विचारलं. मरणाचे विचार येत असतील, तर एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठायचा. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बराच वेळ मन उदास राहत असेल किंवा जेवणखाण सुटलं असेल, तरीही डॉक्टर लागतो, आणि तो तिथलाच लागतो. पुण्यात बसून मी एकटी पुरी पडत नाही. वृषालीचं तसं नव्हतं, पण झोपेचं गणित पार बिघडलं होतं. काल काय काय केलंस, तासातासाने सांग, असं म्हटल्यावर उलगडलं. पहाटे चारचा गजर. कारण तेव्हा साताऱ्यात साडेआठ वाजतात आणि आई चहा घेऊन निवांत बसलेली असते. मग नवरा कामावर गेला की ही परत आडवी व्हायची, उठायला अकरा. जानेवारीत तिथे सव्वाआठच्या सुमाराला उजाडतं आणि पावणेपाचला अंधारायला लागतं. जो काही उजेड होता, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत जात होता.

तिने कौतुकाने आपली तयारीची यादी दाखवली. एक्सेलमध्ये एकसष्ट ओळी. लग्नाचे आणि लेकीच्या जन्माचे दाखले. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, तिथल्या भाषेत आन्मेल्डुंग, त्यासाठी घरमालकाचं पत्र. तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट. तिथे भाड्याच्या बऱ्याच घरांत ओटा, कपाटं काहीच नसतं, म्हणून स्वयंपाकघराचा वेगळा खर्च. कुकरच्या रिंगा, गोडा मसाला, लेकीचे बर्फाचे बूट. कुठेही खोट काढायला जागा नाही. तिच्या स्वतःच्या नावापुढे मात्र एकच ओळ होती: "डेंटल रजिस्ट्रेशन, नंतर बघू."

त्या "नंतर बघू"मागेही कारण होतं. नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर गेलेला. अशांच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची ए-१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा सक्तीची नसते आणि तिथे पोचल्यावर नोकरीही करता येते. ऐकायला सोयीचंच आहे. पण त्या सोयीपायी पुण्यात मॅक्स म्युलर भवनचा जर्मनचा वर्ग राहून गेला. शिवाय दंतवैद्याला नुसती कामाची मुभा पुरत नाही. पदवीची छाननी होते, भाषा बी-२ या वरच्या मध्यम पातळीपर्यंत लागते, वर रुग्णांशी आणि सहकाऱ्यांशी बोलण्याची त्याहून वरच्या सी-१ पातळीची वेगळी परीक्षा, आणि पदवी तोडीची ठरली नाही तर विषयज्ञानाची आणखी एक. दोन-तीन वर्षं सहज जातात. हे तिला तिथे गेल्यावर कळलं.

इथे माझी चूक झाली. मी लगेच वर्ग, वेळापत्रक, अर्ज यांवर बोलायला लागले. पुढच्या दोन सत्रांत ती गप्प गप्प होत गेली. तिसऱ्या सत्रात म्हणाली, "माझ्या दवाखान्याचं काय झालं, हे मला कुणी विचारतच नाही." नऊ वर्षांचं काम मागे टाकून आलेल्या बाईला मी थेट पुढच्या परीक्षेचं बोलत होते. तो सगळा तास मग आम्ही दवाखान्यावरच बोललो. खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा, दात काढताना तिचा हात घट्ट धरणाऱ्या एक आजी, बाजारादिवशीची गर्दी. ते बोलून झाल्यावर पुढचं सुचायला लागलं.

दरम्यान एक घटना घडली. तिच्या कर क्रमांकाचं पत्र आलंच नाही, परत गेलं. तिने माहेरचं आडनाव लावलेलं, आणि टपालपेटीवर फक्त नवऱ्याचं. जर्मनीत पेटीवर नाव नसेल तर पत्र टाकत नाहीत. नवऱ्याला हे किरकोळ वाटलं. तिने मला रडत फोन केला: "मॅडम, मी इथे राहते हे पोस्टमनलासुद्धा माहीत नाही."

पुढचं सत्र मी दोघांचं घेतलं, आणि मला वाटतं खरं काम तिथेच झालं. तो वाईट माणूस नाही. दिवसभर नवी नोकरी, संध्याकाळी विमा, बँक, शाळेचे अर्ज, सगळं तोच करत होता आणि ती दाखवलेल्या जागी सही करत होती. त्याला वाटे आपण तिचा भार हलका करतोय. ती म्हणाली, "तू भार नाही उचललास रे, माझं घरच उचलून नेलंस." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "कुठला कागद तुला हवाय?" लेकीच्या बालवाडीचा पत्रव्यवहार तिने घेतला. अडखळत, शब्दकोश घेऊन. पेटीवर दुसरं आडनाव त्याच संध्याकाळी लागलं.

बाकीचे बदल साधे होते. आईचा फोन दहाला, म्हणजे साताऱ्यात अडीचला, आईची वामकुक्षी व्हायच्या आधी. त्याआधी लेकीला घेऊन तासभर बाहेर, पाऊस असो की बर्फ. आणि आठवड्यातून चार दिवस फोल्क्सहोखशूले, म्हणजे प्रौढांसाठीच्या शाळेत, भाषेचा वर्ग. कुणी निघायच्या तयारीत असेल तर मी आता यादीच मागते आणि बायकोच्या नावापुढे काय लिहिलंय ते आधी बघते. भाषा इथूनच सुरू करा, पदवीच्या छाननीचा अर्ज कसा असतो ते इथेच वाचा, आणि महिन्याला थोडे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जातील हे निघण्याआधी ठरवा, असं सांगते. या शेवटच्या मुद्द्यावर बरेच नवरे चपापतात. मी तरी तो सोडत नाही.

मार्चमध्ये एके सकाळी तिच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली दिसली. आधी ती घाबरलीच, काहीतरी चुकलं आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून. पाटीवर लिहिलं होतं केरवोखे. त्या भागात जिना झाडायची भाडेकरूंची आठवड्या-आठवड्याने पाळी असते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर ही पाटी. "मॅडम, शब्दातच केर आहे!" हे सांगताना ती पहिल्यांदा मनापासून हसली. जिना झाडला, पाटी समोरच्या आजींकडे द्यायला गेली, आणि तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये दारातच वीस मिनिटं बोलली. विषय आजींची नवी कवळी.

आता ती बी-२च्या वर्गात आहे. चांगले दिवस असतात, वाईटही असतात. गणपतीत फार जड गेलं. साताऱ्याचा दवाखाना तिने इतके महिने कुलूप लावून ठेवला होता, गेल्या महिन्यात धाकट्या सहकारी डॉक्टरला चालवायला दिला. ज्या दिवशी करारावर सही केली त्या रात्री ती खूप रडली. स्वयंपाकघरात, नळ न सोडता, नवरा शेजारी बसलेला असताना.