ट्युटरिंग सेंटरमधे नोकरी घेऊ का?

प्रश्न: ताई, मी मूळची कराडची, ऑगस्टपासून अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतेय. आमच्या लर्निंग सेंटरला मॅथ्सचे ट्युटर हवेत. माझे मार्क चांगले आहेत पण दहावीपर्यंत मराठी मिडीयम, इंग्लिश पुस्तकी, इथल्या मुलांना माझे उच्चार कळतील का याचीच धास्ती वाटते. रूममेट म्हणते नाद सोड, बाहेर दुकानात कॅशवर काम कर, पैसे लगेच हातात येतात. काय करू?

उत्तर: दुकानाचं आधी बोलूया. नको करूस गं. एफ-वन, म्हणजे तुझ्या स्टुडंट व्हिसावर पहिलं वर्षभर कॅम्पसबाहेर काम करताच येत नाही, आणि नंतरही परवानगी लागते. कॅश घेतली म्हणजे कुणाला कळणार नाही असं सगळे सांगतात, पण सापडलं तर स्टेटस, म्हणजे तिथं कायदेशीर राहायचा हक्कच जातो, आणि त्या दिवशी ना दुकानदार तुझ्यासाठी उभा राहतो ना रूममेट. कॅम्पसवरचं काम मात्र सरळ आहे. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, तेही सगळ्या कॅम्पस जॉबचे मिळून, सुट्टीत फुलटाइम चालतं. नोकरी मिळाली की सेंटरचं एक पत्र आणि इंटरनॅशनल ऑफिसचं एक पत्र घेऊन सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करायचा. जाहिरातीत 'वर्क-स्टडी' लिहिलं असेल तर ती सोडून दे, ती सरकारी मदत इंटरनॅशनल स्टुडंटला मिळत नाही.

आता इंग्लिशचं. मी स्वतः दोन वर्षं अशाच सेंटरमधे काम केलंय म्हणून मनापासून सांगते, तिथं फाडफाड बोलणाऱ्यापेक्षा थांबता येणारा ट्युटर लागतो. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक मुलगा आला, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, परीक्षेचा पेपर चार घड्या घालून खिशात, शंभरात अडतीस. कॅल्क्युलसचा चेन रूल अडला होता. तीन एक्स अधिक एक, त्याचा पाचवा घात, डेरिव्हेटिव्ह काढा. तो पाच खाली आणायचा, घात चार करायचा आणि तिथंच थांबायचा, आतला तीन दर वेळी राहून जायचा. मी पेन्सिल घेतली आणि झरझर तीन गणितं सोडवून दाखवली, तो मान हलवत गेला, मला वाटलं काय छान शिकवलं. सुपरवायझर लांबून बघत होत्या, नंतर एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी पेन्सिल त्याच्या बाजूला ठेव.

पुढच्या मंगळवारी तो परत आला, तेच गणित, तीच चूक. या वेळी मी हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, कंसाच्या आत काय आहे? तो गप्प. मीही गप्प, आणि ती शांतता मला इतकी जड गेली की उत्तर अगदी ओठावर आलं होतं, पण नाही बोलले. मग त्यानं कंसाभोवती गोल काढला, आतल्याचं डेरिव्हेटिव्ह वेगळं लिहिलं, तीन, आणि पाचाच्या जागी पंधरा करून माझ्याकडे बघितलं. त्या पूर्ण तासात मी इंग्लिशची जेमतेम दहा वाक्यं बोलले असेन. तुझे उच्चार एखाद्याला नाही कळले तर तो परत विचारेल, तू कागदावर लिहून दाखव, झालं.

बहुतेक सेंटरमधे आधी ट्रेनिंग असतं आणि त्याचेही पैसे मिळतात. सेंटरचा कार्यक्रम सीआरएलए (कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन) या संस्थेनं मान्य केलेला असेल तर १० तास ट्रेनिंग आणि २५ तास शिकवणं झालं की लेव्हल १ चं सर्टिफिकेट मिळतं, ते रेझ्युमेवर टाक. एकेकट्याला शिकवायचं टेन्शन येत असेल तर एसआय लीडरचं विचार, म्हणजे सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन. ही पद्धत १९७३ मधे मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसला सुरू झाली. अवघड कोर्सच्या लेक्चरला तू परत जाऊन बसतेस आणि मग ग्रुपला घेऊन अभ्यास करतेस, नापास कोण होतंय ते न बघता सगळ्यांसाठी खुलं, त्यामुळे यायला कुणाला लाज वाटत नाही, मला ही गोष्ट फार आवडते. आणि शिकवणं नकोच असेल तर फ्रंट डेस्क असतोच.

प्रश्न: कर्ज काढून मुलीला अमेरिकेत शिकायला पाठवलं, ती तिथं दुसऱ्यांना शिकवते. तिच्या अभ्यासाचं काय, आणि फी तरी निघते का? – एक वडील, सातारा

उत्तर: काका, फी नाही निघत. अमेरिकेत केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे, बऱ्याच राज्यांत जास्त आहे, पण तेवढंच धरलं तर आठवड्याला दहा तासांचे साडेबहात्तर होतात. त्यात भाजी, किराणा, फोन सुटतो, कर्जाचा हप्ता त्यावर धरू नका. अभ्यासाचं म्हणाल तर दहा तासांपर्यंत काळजी नको, शिकवताना तिचंच पक्कं होतं. परीक्षेच्या आठवड्यात शिफ्ट कमी करून माग असं तिला सांगा, तीही विद्यार्थिनीच आहे हे सेंटरवाल्यांना माहीत असतं. तुम्ही साताऱ्याचे, कमवा आणि शिका म्हणजे काय ते कर्मवीर अण्णांच्या जिल्ह्यात मी वेगळं काय सांगू. एक मात्र तिला बघायला लावा, पगाराच्या स्लिपवर सोशल सिक्युरिटी (तिथली सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) मिळून ७.६५ टक्के कापलेत का? एफ-वनवरच्या मुलांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे ही कपात लागू नसते. चुकून कापली असेल तर पेरोल ऑफिसला सांगून परत घेता येते.

प्रश्न: मी ट्युटर आहे. आपल्याकडचाच एक मुलगा म्हणतो ऑनलाइन क्विझ तूच सोडव, वेगळे पैसे देतो. ओळखीचा आहे, नाही कसं म्हणू?

उत्तर: 'क्विझ झाली की त्यातली गणितं घेऊन ये, आपण बसून करू,' असं म्हण. ऐकलं नाही तर सुपरवायझरला त्याच दिवशी सांग, कारण पकडलं गेलं तर कॉपीची केस दोघांवर होते आणि नोकरी तुझी जाते. पण फ्लॅटवर कुणाला सांगू नकोस. कोण सेंटरला येतो, कुणाचे किती मार्क, हे बाहेर बोलायचं नसतं, विद्यार्थ्यांच्या माहितीबद्दल तिथं १९७४ चा फर्पा कायदा आहे आणि ट्रेनिंगमधे तुला तो सांगितला असेलच. घरी जेवताना विषय निघाला तरी गप्प राहा, उद्या त्याला खरंच मदत हवी असेल तर तो तुझ्याच टेबलाशी यायला हवा.