व्हाळाचे पाणी वरच्याचे की खालच्याचे?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचे कुळागर (पोफळीची बाग) व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, खालच्या अंगाला आहे. वरच्या कुळागरवाल्याने बंधारा घालून ५ अश्वशक्तीचा पंप बसवला. मार्चपासून आमचा पाट कोरडा. पाट त्याच्याच जमिनीतून येतो, म्हणून तो म्हणतो, 'पाणी माझे.'

उत्तर : जमीन त्याची, वाहते पाणी त्याचे नव्हे. १८८२च्या सुखाधिकार (ईझमेंट) कायद्याचे कलम ७ काठावरच्या प्रत्येकाला शिंपणीचे पाणी देते, पण दुसऱ्या काठवाल्याचे मोठे नुकसान न करता. हा हक्क तुम्हालाही आपसूक आहे. पाटाचे मात्र वेगळे. करार नसेल तर परक्या जमिनीतून पाट नेण्याचा हक्क सहसा २० वर्षे उघड, अखंड वापर दाखवल्यावरच मिळतो. अडवणूक कळूनही वर्षभर सोसत राहिलात तर तो वापर खंडित ठरू शकतो. लेखी हरकत या आठवड्यातच स्पीड पोस्टने पाठवा.

पण कोर्टाआधी पाणी मोजा. पत्र्याला ९० अंशांची व्ही-खाच कापून पत्रा व्हाळात उभा रोवा, कडा चिकणमातीने बुजवा; बाजूने पाणी झिरपले की माप फसते. उंची खाचेत मोजू नका, तिथे पाणी खाली झुकते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला अर्धा मीटरवर, खाचेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून मोजा. १० सेंमी म्हणजे सेकंदाला ४.४ लिटर, ५ सेंमी म्हणजे ०.७७. उंची निम्मी झाली की पाणी सहाव्या हिश्शाच्या आसपास येते. बंधाऱ्याच्या फळीवरची पातळी बघून वाटणी करणारे इथेच चुकतात.

सेकंदाला ०.७७ लिटर म्हणजे दिवसाला ६६ हजार लिटर. ठिबकवर पोफळीला रोज १६ ते २० लिटर पुरतात, म्हणजे ३,००० झाडे निघतात. पाणी दोघांना पुरेल, घात पंपाचा आहे. सेकंदाला १० लिटर ओढणारा पंप तासभर चालला, तर डोह भरून पुन्हा वाहायला १२ तास लागतात. म्हणून बंधाऱ्याच्या तळच्या फळीत जाळी लावलेले भोक ठेवून तुमची धार सतत सुटू द्यावी. पाळीच लावायची तर २४-२४ तासांची. दर बदलाला कोरडा पाट भिजवण्यातच बरेच पाणी जाते. ठरेल ते दोघांच्या सह्यांनी, साक्षीदारांसमोर लिहून घ्या. नाहीच ऐकले तर वकिलाला भेटा, मोजणीची तारीखवार वही सोबत न्या.

प्रश्न : म्हादई नदीच्या पाणीवाटप लवादाने गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्याचा आधार घेता येईल का?

उत्तर : नाही. १४ ऑगस्ट २०१८चा तो निवाडा गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांमधला आहे. दोन कुळागरांमधली वाटणी त्यात नाही.