शीरखुर्म्यातला खुर्मा आणि आपला कुर्मा

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय की ईदला शेजारच्या घरातनं डबा भरून येतो तो 'शिरकुर्मा' आणि आपण चपातीबरोबर खातो तो भाजीचा कुर्मा, एक गोड एक तिखट, मग नाव एकच कसं? आणि पुढे असंही की खजूर, खारीक, उत्तत्ती हे एकच का वेगवेगळं, कारण दुकानात प्रत्येकजण वेगळंच काहीतरी मागतो.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, दोन्हींचा काही संबंध नाही. ईदचा तो खुर्मा, ख वाला. फारसीत खुर्मा म्हणजे खजूर आणि शीर म्हणजे दूध, त्यामुळं शीरखुर्मा म्हणजे दूध-खजूर, एवढंच. त्यातलं शीर परकं वाटतं खरं, पण ते आपल्या क्षीराचं सख्खं भावंड आहे, फारसी आणि संस्कृत मुळात एकाच घरातल्या, तिकडं शीर झालं आणि इकडं क्षीरावरनं खीर आली. म्हणजे खीर नि शीरखुर्मा नात्यातलेच निघाले आणि कुर्म्याचा पत्ताच नाही.

भाजीचा नि मटणाचा कुर्मा आला तुर्कीतनं. तिथं कावुर्मा म्हणजे परतलेलं, भाजलेलं. उर्दूत तो कोरमा झाला, आपल्याकडं कुर्मा. आता गंमत बघा, आपल्या बेळगावात मुस्लिम घरांत बोलतात ती दखनी, आणि दखनीत उर्दूचा तो घशातला क चक्क ख होतो, करीबला खरीब म्हणतात, तसंच कोरमा तोंडात खोरमा होऊन येतो. म्हणजे त्यांच्याकडं मटणाचा खोरमा आणि दुधाचा खुर्मा, आणि आपण मराठीवाले ऐकताना दोन्हीला एकाच कुर्म्यात ढकलतो, मग लग्नाच्या मेनूकार्डावर 'शिरकुर्मा' छापून येतो. मला विचाराल तर बोलताना काहीही म्हणा, पण लिहिताना तेवढा ख ठेवा, कारण तो काढला की त्यातला खजूरच जातो.

आता कुणी म्हणेल की अहो पण त्यात तर शेवयाच जास्त असतात. असतात ना. नावात शेवयांचा उल्लेखसुद्धा नाही आणि पातेल्यात बघावं तर त्याच, म्हणून आपल्याकडं बरीच माणसं सरळ 'ईदच्या शेवया' म्हणून मोकळी होतात. पण करणाऱ्याला विचारा, खारीक घातली नाही तर ती म्हणेल ही नुसती शेवयांची खीर झाली. आदल्या रात्री खारका दुधात नाहीतर पाण्यात भिजत घालायच्या, फुगल्या की बी काढून लांब पातळ कापायच्या, तुपावर परतायच्या, मग बदाम, पिस्ता, चारोळी, मनुका, बारीक शेवया परतून आटवलेल्या दुधात. ओला खजूर घातला तर चालतो पण तो दुधात विरघळतो, दूध तांबूस होतं आणि दाताखाली काही लागत नाही, म्हणून नाव खजुराचं असलं तरी काम खारकेचं.

यावरनं दुसरा प्रश्न. झाड एकच, फळही एकच, फरक कुठल्या टप्प्यावर काढलं नि काय केलं याचा. झाडावर पूर्ण पिकून मऊ झालेला तो खजूर, संस्कृत खर्जूरावरनं आलेला, कन्नडमध्ये अजून खर्जूरच म्हणतात. अर्धवट पिकलेलं, पिवळं-लाल कडक फळ उकळून उन्हात खडखडीत वाळवलं की खारीक, हिंदीवाल्यांचा छुहारा. आणि त्याच खारकेला आपल्याकडचे कन्नड लोक उत्तत्ती म्हणतात. जत्रेत रथ निघाला की केळी आणि उत्तत्ती फेकतात ती हीच, ओटीत हळकुंड-सुपारीबरोबर पडते तीही हीच. बेळगावच्या खडे बाजारात एकाच गोणीसमोर उभं राहून एकजण खारीक मागतो, दुसरा उत्तत्ती आणि तिसरा छुहारे, दुकानदार न विचारता तेच फळ तिघांना तोलून देतो. (आणि मराठीत तो खजूर पण ती खारीक, हे लिंग कुठनं बदललं ते विचारू नका.)

गुजरातीत मात्र फसाल. तिथं खारेक म्हणजे ताजं, कडक, पिवळं-लाल फळ, तेच अर्धं पिकलेलं. कच्छच्या खारेकला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला तो या ताज्या फळाला. डिंकाच्या लाडवात घालायला म्हणून गुजराती माणसाला नुसती खारेक आणायला सांगितली तर तो पावसाळ्यात घड घेऊन येईल, त्याला सुकी असं वेगळं सांगावं लागतं.

अरबीत तर टप्प्याटप्प्याला नावं आहेत, मऊ रसरशीत तो रुतब आणि पिकून वाळत आलेला तो तमर. रोजा सोडायची रीत त्यावरच आहे, रुतब मिळाला तर त्यानं, नाहीतर तमर, तोही नसला तर पाण्याचा घोट. रमजानमध्ये बेळगावच्या दरबार गल्लीच्या बाजूला अजवा, मेडजूल अशा पाट्या दिसतात, ती जातींची नावं झाली, अजवा मदिनेचा आणि मेडजूल मूळ मोरोक्कोचा. आणि हा तमर आपल्या स्वयंपाकघरात आधीच आहे, अरबांनी आपल्या चिंचेला तमर हिंदी म्हटलं, हिंदुस्थानी खजूर, तेच पुढं इंग्रजीत टॅमरिंड झालं. म्हणजे इफ्तारच्या भज्यांना किंवा भेळेला जी चिंच-खजुराची चटणी लागते ती अरबी हिशोबानं तमरमध्ये तमर.

आणखी एक, 'उपवासाचा खजूर' हे आपलं बोलणं रोज्याला लावू नका. एकादशीला, शिवरात्रीला खजूर चालतो कारण तो उपवासात खायचा, आणि रोज्यात दिवसभर पाणीही नाही, तिथं खजूर सूर्य बुडाल्यावर रोजा सोडायला. २०२५ ला शिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि रमजान २ मार्चला लागला, तेव्हा पाटीवर 'उपवासाचा खजूर' लिहिलेला तोच ढीग दोन्हीकडं खपला. रोज्यासाठी म्हणायचं तर 'इफ्तारचा खजूर' म्हणा.