विचारा की! : लाईट आली म्हणून लगेच बटण दाबू नका

मी बेळगावच्या शहापुरात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले, आता टेबलावर यूपीएस (लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा), इन्व्हर्टर आणि पोरांच्या टीव्हीला जोडायच्या गेमच्या पेट्या, म्हणजे प्लेस्टेशन उर्फ पीएस ४, पीएस ५ येतात. पाऊस सुरू झाला की या सदराला येणारी पत्रंही त्याच वळणाची होतात. या खेपेची चार पत्रं अशी.

*माझा मुलगा दहावीत आहे. मामाने त्याला पुण्याहून जुना पीएस ४ स्लिम आणून दिलाय. जून ते सप्टेंबर आमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो. दोनदा खेळता खेळता लाईट गेली आणि परत चालू केल्यावर स्टोरेज तपासत असल्याची सूचना आली, पट्टी हळूहळू सरकत राहिली. पोरगा रडकुंडीला आला. दुकानदार म्हणतो ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. आमचे हे म्हणतात, खेळण्याला कसला यूपीएस, प्लग काढून ठेव. काय करू? — एक आई, खानापूर*

ताई, प्लगबद्दल यजमान बरोबर बोलतायत, पण खेळ चालू असताना प्लग काढणं आणि लाईट जाणं यात पेटीच्या दृष्टीने काहीच फरक नाही. आधी त्या सरकणाऱ्या पट्टीचं सांगतो. पीएस ४ मध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते, मिनिटाला ५४०० फेरे. गेम मधून मधून स्वतःच तुमच्या मुलाची प्रगती तिच्यावर लिहून ठेवतो. दुकानात उधारी लिहिताना कुणी हाताखालून वही ओढली तर शेवटची ओळ जशी अर्धी राहील, तसं होतं. पुढच्या वेळी पेटी आधी सगळी वही तपासते आणि मगच खेळायला देते. बहुतेक वेळा निभावतं. पण नेमकं लिहिताना लाईट गेली तर तो सेव्ह गेला, आणि हे पुन्हा पुन्हा झालं तर डिस्कही कुरकुरायला लागते. आठवड्यातून एकदा सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायला सांगा, पीएस ४ मध्ये ती सोय आहे.

दुकानदाराने तुम्हाला बरोबर माल सांगितला. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे हं, अशा यूपीएसवर बारीक अक्षरात ३६० वॅट छापलेलं असतं. पीएस ४ स्लिम खेळताना साधारण ८० ते १०० वॅट घेतो, ३२ इंची एलईडी टीव्ही पन्नासेक. दीडशे वॅटला ३६० वॅटचा यूपीएस निवांत पुरतो. आत १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी असते. कागदावर हिशेब अर्ध्या तासाचा होतो, पण एवढ्या छोट्या बॅटरीतून एकदम जोरात ओढलं की ती कागदाइतकं देत नाही. नवी असताना पंधरा मिनिटं धरा. दोन-तीन वर्षांनी तीच बॅटरी दोन मिनिटांत हात वर करते, म्हणून महिन्यातून एकदा भिंतीतला प्लग काढून किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा. आणि यूपीएसवर विणलेलं झाकण घालू नका. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या यूपीएसांच्या अंगावर लोकरीची फुलं मी स्वतः पाहिली आहेत.

ही पंधरा मिनिटं खेळायला नाहीत. यूपीएस 'टूं टूं' करायला लागला की सेव्ह करायचं आणि पेटी पूर्ण बंद करायची. पूर्ण म्हणजे पूर्ण. पोरं रेस्ट मोडमध्ये टाकून उठतात, समोर नारिंगी दिवा राहतो आणि घरच्यांना वाटतं बंद आहे. ती बंद नसते, डुलकी काढत असते. नारिंगी दिवा असताना यजमानांनी प्लग काढला तर पुन्हा तीच पट्टी. दिवा विझला, की मग खुशाल काढा.

माझ्या टेबलावर मेलेल्या पेट्या येतात त्यातल्या बहुतेक लाईट जाताना मेलेल्या नसतात, लाईट परत येताना मेलेल्या असतात. आमच्या गल्लीत एका बाजूने 'लाईट आली!' आणि दुसऱ्या बाजूने कानडीत 'करंट बंतु!' असा ओरडा होतो, त्याच क्षणी सगळे फ्रिज, मोटारी, गिरण्या एकदम उठतात. व्होल्टेज खाली बसतं, उसळतं, कधी दोनदा जाऊन तिसऱ्यांदा टिकतं. त्यात पोरगा बटणावर बोट ठेवूनच बसलेला. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला तीनेक मिनिटांचा टाइम-डिले असतो तो उगीच नाही. पोराला दहा मिनिटं थांबायला सांगा.

एका पावसाळ्यात आमच्याच गल्लीत तारेवर फांदी पडून न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची तार, तुटला. मी जेवत होतो. डोक्यावरचा बल्ब पांढराफेक झाला आणि पंखा असा सुटला की ताटातली कोथिंबीर उडाली. हात न धुता पळत जाऊन मेन पाडलं. नंतर मेनच्या वरच्या बाजूला मीटर लावला तर २३० च्या जागी ३१० व्होल्ट. दुसऱ्या दिवशी दुकानात चार घरचे टीव्ही आणि एक पीएस ४ आला. त्याचं झाकण उघडलं तर जळक्या बेकेलाइटचा वास, काचेचा फ्यूज आतून काळा, आणि त्याच्याशेजारची ती चकतीसारखी निळी वस्तू, जिला आम्ही एमओव्ही म्हणतो, ती भाजलेल्या पापडासारखी फुटलेली. एमओव्हीचं कामच ते, जादा व्होल्टेज आलं की आपण मरून फ्यूज उडवायचा. त्या पेटीचं तेवढ्यावर भागलं, दोन चकल्यांच्या पैशात दुरुस्त झाली. चारातले दोन टीव्ही मात्र भंगारात गेले. मध्ये यूपीएस असता तर त्याने जादा व्होल्टेज बघून स्वतःला बॅटरीवर नेलं असतं, किंवा स्वतः जळून पेटी वाचवली असती. ते जळणं आपल्याला परवडतं.

वळवाच्या पावसात मात्र यूपीएसवरही विसंबू नका. विजा कडकडायला लागल्या की प्लग काढा, आणि त्याबरोबर केबलवाल्याची किंवा डिशची वायरही टीव्हीतून काढा. विजेचा झटका त्या वायरीतून टीव्हीत येतो, टीव्हीतून एचडीएमआयच्या वायरीने पेटीत जातो आणि तिची एचडीएमआयची चिप खातो. पेटी चालू, दिवा लागतो, चित्र नाही. त्या चिपचं काम भिंगाखाली करावं लागतं आणि मी त्याचे पैसे घेतो.

*काका, मी निपाणीजवळ मळ्यातल्या घरात राहतो. पीएस ५ आहे. घरात इन्व्हर्टर आहे, १५० एएचची बॅटरी. लाईट गेली की दिवे-पंखे चालू राहतात, टीव्ही पण, पण पीएस ५ फटकन बंद होतो. मित्र म्हणतो इन्व्हर्टर खराब झालाय. बाबा नवीन घेऊन देणार नाहीत. — बारावीतला एक*

बाबांना सांग, नवीन नको. आधी इन्व्हर्टरच्या मागे जाऊन बघ, एक छोटा स्विच असतो. एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको'. तुझा नॉर्मलवर असणार.

कारण असं. तुमच्या घरी नळाला पाणी गेलं तरी माठात असतं तोवर कुणाला कळत नाही ना? पीएस ५ च्या पॉवर सप्लायमध्ये तसा एक माठ आहे, चारशे व्होल्टच्या आसपासचा मोठा कपॅसिटर. बाहेरची लाईट गेल्यावर तो पेटीला १५-२० मिलिसेकंद पाजतो. आपल्या लाईटची एक लाटच २० मिलिसेकंदांची, म्हणजे माठ केवढा ते समज. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १० ते १५ मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, माठ संपायच्या आत. नॉर्मलमध्ये ४० पर्यंत लागू शकतात. दिव्याची एवढ्यात पापणीही लवत नाही, पंखा तर आपल्या फेऱ्यातच असतो. टीव्ही कमी पितो, त्याचा माठ पुरतो. पेटीचा संपतो.

पण स्विच फिरवायच्या आधी एक बघ. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर नखरेल होतो, व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की लाईट असूनही बॅटरीवर जातो. मळ्याकडे पंप सुटले की संध्याकाळी व्होल्टेज किती उतरतं ते तुला माहीतच आहे. तसं असेल तर लाईट असताना बॅटरी संपेल आणि रात्री खरी लाईट गेल्यावर घरात सगळे डास मारत बसतील, दोष तुझ्या गेमवर येईल. मग स्विच नॉर्मलवरच राहू दे आणि पेटीला वेगळा छोटा यूपीएस घे, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या सॉकेटला लावलास तरी चालतो.

इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह तेही बघ, अंगावर लिहिलेलं असतं. स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो. पीएस ५ चा सप्लाय लाटेचा आकार बघून करंट ओढणाऱ्या जातीचा आहे, त्याला पायऱ्या-पायऱ्यांची लाट मानवत नाही. कुठे चालून जातो, कुठे घूं करतो, कुठे बंद पडतो. जुना स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर लावूच नको.

यूपीएस घेताना मी केलेली चूक करू नकोस. भाच्याच्या पीएस ५ ला मी ऐटीत ६०० व्हीए लावून दिला. पेटी २०० वॅट, ४३ इंची टीव्ही १००, राउटर १०, झाले ३१०, म्हणजे ३६० च्या आतच की! लाईट गेली, यूपीएसने एकदा 'टूं' केलं आणि मिनिटभरात सगळं गुल. बॅटरी दुकानातल्या कपाटात दोन वर्षं पडून राहिलेली होती हे मी भाच्याला सांगितलं नाही. पीएस ५ च्या सप्लायवर ३५० वॅटपर्यंत छापलेलं असतं, त्यामुळे १००० किंवा ११०० व्हीएचा, दोन बॅटऱ्यांचा घे, जमलं तर साइन वेव्ह. घेताना बॅटरीवरची तारीख बघ.

तुझ्या पेटीत एसएसडी आहे, फिरणारी डिस्क नाही, तरी मध्येच बंद पडली तर तीही दुरुस्तीची पट्टी दाखवते. आणि पीएस ५ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर उतरत नाहीत, ते फक्त ऑनलाइन ठेवता येतात, त्यालाही वर्गणी पडते. म्हणजे तुला यूपीएसची गरज वरच्या ताईंच्या मुलापेक्षा जास्तच.

अजून एक, पेटीची वायर काढून बघ, दोन पिनांची, ८ च्या आकड्यासारखी. तुझ्या आजोबांच्या टेपरेकॉर्डरला हीच होती. तिला अर्थिंग नाही. एचडीएमआय लावताना बोटाला मुंग्या येत असतील तर टीव्हीच्या सॉकेटचं अर्थिंग बघायला वायरमनला बोलव. ते सॉकेट तू उघडायचं नाहीस.

*माझ्याकडे निन्टेन्डो स्विच आहे. मलाही यूपीएस घ्यावा लागेल का? — कॉलेजातली मुलगी, टिळकवाडी*

नाही. तुझ्या पेटीच्या पोटातच बॅटरी आहे. अडॅप्टर चांगल्या स्पाइक गार्डवर लाव. उरलेल्या पैशांचा कुंदा घे.

*नातवाने यूपीएस घेतलाय, तो चोवीस तास चालू असतो. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतल्या मोफत विजेचे २०० युनिट ओलांडले तर पूर्ण बिल माझ्या माथी. हा यूपीएस किती खातो? — एक आजोबा, वडगाव*

आजोबा, बॅटरी भरल्यावर छोटा यूपीएस नुसता बसून दहाएक वॅट खातो. दिवसाला पाव युनिटही नाही, महिन्याला सात. नातू रोज तीन तास पीएस ५ आणि टीव्ही लावत असेल तर त्याचे सत्तावीस होतात, पण ते तुम्ही विचारलेलं नाही.

खात्री करायची तर रात्री फ्रिजसकट सगळं बंद करा, फक्त यूपीएस ठेवा आणि मीटरपुढे खुर्ची टाका. मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुका ते शेजारी छापलेलं असतं. तिथे ३२०० असेल तर दहा वॅटला दोन मिनिटांनी एकदा लुकलुकेल, थोडी अलीकडेच. त्याहून भराभर लुकलुकला तर कुठेतरी अजून काहीतरी चालू आहे. बहुतेक नारिंगी दिवा.