मानेतली गाठ आणि 'स्पिंडल सेल' रिपोर्ट

प्रश्न : माझ्या आईला (वय ५४) जबड्याखाली मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे. तीन वर्षांत हळूहळू वाढली, दुखत नाही. सुईच्या तपासणीत 'स्पिंडल सेल लीजन' एवढंच आलं. घरात सगळे धास्तावलेत. तुकडा काढून एकदाचा निकाल लावावा असं मला वाटतं, पण डॉक्टर आधी एमआरआय करा म्हणतात. खरंच गरज आहे का? – एक वाचक, कळवा

उत्तर : आहे, ताई. तुकड्याची घाई अजिबात करू नका.

स्पिंडल सेल म्हणजे चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी. एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. मज्जातंतूच्या आवरणातून वाढणाऱ्या श्वानोमा या साध्या गाठीतही त्या असतात, काही कॅन्सरमध्येही. सुईत थोड्याच पेशी येतात, त्यांची मांडणी कळत नाही.

आईंच्या गाठीच्या आसपासच, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला दोन फाटे फुटतात. तिथे कॅरोटिड बॉडी नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, त्याची गाठ होऊ शकते. ती रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते; तुकडा घ्यायला गेलं तर रक्त आवरणं कठीण. बोटाला ती आणि श्वानोमा सारख्याच लागतात : आडव्या हलतात, वर-खाली नाही. एमआरआयमध्ये मात्र कॅरोटिड बॉडीची गाठ ते दोन फाटे फाकवताना दिसते. घसा आणि स्वरयंत्राकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची श्वानोमा बहुतेक वेळा धमनी आणि जुग्युलर शीर (मानेतली मोठी शीर) यांच्या मधे शिरते.

माझ्याकडे कोपरीचे एक रिक्षावाले काका आले होते. गणवेशाचं वरचं बटण लावलं की खोकल्याची उबळ. कित्येक महिने खोकल्याची औषधं घेत होते. मी गाठीवर अंगठा टेकवला आणि ते खोकत सुटले. दाबल्यावर खोकला म्हणजे व्हेगसची शंका घ्यायची. ऑपरेशनमध्ये आवरणाला उभी चीर देऊन गाठ आतून सोडवली. तरी दोन महिने आवाज घोगरा होता. ही शक्यता मी त्यांना आधीच सांगितली होती. तुम्हीही आवाजाबद्दल सर्जनना स्पष्ट विचारा.

काढलेल्या गाठीत पॅथॉलॉजिस्टना पेशींची केंद्रकं समोरासमोर रांगेत उभी दिसली. ही रचना पॅथॉलॉजिस्ट व्हेरोकाय यांनी १९१० मध्ये वर्णिली. एस-१०० या, मज्जातंतूच्या आवरणातल्या पेशींत असणाऱ्या प्रथिनाची चाचणीही पॉझिटिव्ह आली, मगच श्वानोमा हे नाव पक्कं झालं.

ऑपरेशन झालंच तर तपासणीच्या काचपट्ट्या आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) जपून ठेवा. शंका उरली तर पुढच्या चाचण्या त्यावरच होतात. आईंना पुन्हा सुई टोचावी लागत नाही.