कौटुंबिक कथा लिहिणाऱ्या लेखकाला गुन्हेकथा का लिहावीशी वाटते?

खून कोणी केला यापेक्षा शेजाऱ्यांनी काय पाहूनही सांगितले नाही, हे शोधण्यासाठी मी गुन्हेकथेकडे वळलो. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत एका बंद दारासमोर दुधाच्या तीन पिशव्या नासून फुगल्या होत्या आणि आम्ही सारे त्या ओलांडून लोकल गाठत होतो; तिथे राहणारे आजोबा गावी गेले होते एवढेच पुढे निघाले, पण आमची ती बेफिकिरी मनातून गेली नाही. दुसरे कारण शिस्तीचे. कौटुंबिक कथेत सैल प्रसंग खपून जातो, येथे पंचनाम्याची वेळ चुकली तरी कथा कोसळते. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या खुनाला जुने कलम 302 नव्हे, भारतीय न्याय संहितेचे 103 लागते, हेही पाहावे लागते. मला हीच काटेकोर मेहनत हवी होती.